पोटातल्या बाळाचे माप

गर्भाशयाची उंची टेपने सेंटिमीटरमध्ये मोजली, की साधारण २४ आठवड्यांनंतर तो आकडा गरोदरपणाच्या आठवड्यांच्या आसपास येतो. सोलापूरच्या खेड्यातही जमेल असे हे माप. १९५८ मध्ये ग्लासगोच्या इयान डोनाल्ड यांनी ध्वनिलहरींनी गर्भाचे चित्र दाखवले.

पण वाढ कशाने ठरते? १९९३ मध्ये पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने सहा गावांत अभ्यास सुरू केला. बाळे सरासरी २.७ किलोंची भरली. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोंची. आपल्या बाळांत स्नायू कमी, चरबी मात्र तितकी कमी नव्हती. पालेभाज्या, फळे वरचेवर खाणाऱ्या आयांची बाळे मोठी होती.

मग ‘जास्त खाल्लं तर बाळंतपण अडेल’ या समजुतीचे काय? वर्गात हे आपणच बोलायला हवे.