गळ आणि सभ्यता

माशाचं वजन आणि कर्जदाराचं उत्पन्न ऐकीव असेल तर निम्मंच धरावं, हे मी बँकेत शिकलो. पण चार्ल्स होल्डरचा ट्यूना खरा! १८९८ साली कॅलिफोर्नियाच्या कॅटालिना बेटापाशी त्याने तो काठी-रिळाने धरला. वजन १८३ पौंड. म्हणजे आमचे हेडकॅशिअर, किल्ल्यांच्या जुडग्यासकट. जवळजवळ चार तास झुंज चालली. (अलिबागला मीही तेवढाच वेळ गळ धरून बसलोय. पलीकडून कोणी ओढलंच नाही.)

त्याआधी तिथे हौशी मंडळी जाड दोऱ्यांनी ढीगभर मासे ओढत नि फेकून देत. होल्डरला ते खुपलं. त्याच वर्षी त्याने ट्यूना क्लब काढला. नियम एकच: दोरा बारीक हवा, माशालाही निसटायची संधी हवी.

आमच्या बँकेत ही सवलत मोठ्या माशांनाच आहे.