खनिजसंपत्तीचा पाठ आणि ‘कामिन’
सामाजिक शास्त्रांच्या शालेय पुस्तकांत ‘झरिया येथे कोळसा सापडतो’ अशा धर्तीची वाक्ये आढळतात. व्याकरणदृष्ट्या येथे कर्ता कोळसा होय. तो काढणाऱ्या मनुष्यास वाक्यात स्थान नाही. वस्तुतः झरिया-राणीगंजच्या खाणींत पुरुष कोळसा फोडीत आणि स्त्रिया तो टोपल्यांत भरून वाहत. या स्त्रियांना ‘कामिन’ म्हणत. १९२९ च्या नियमांनी त्यांना भूगर्भातील कामावरून क्रमाक्रमाने दूर केले. परंतु महायुद्धात कोळशाची निकड भासताच १९४३ मध्ये ही बंदी उठविण्यात आली व १९४६ मध्ये ती पुन्हा लागू झाली. संरक्षणार्थ केलेला नियमही उत्पादनाच्या गरजेपुढे नमला, हे विद्यार्थ्यांस कळावयास हवे. तरच त्या वाक्यास त्याचा खरा कर्ता लाभेल.