म्हापशाचा शुक्रवार आणि गावागावांची फळे

उत्तर गोव्यातील बार्देश तालुक्याचे मुख्य ठिकाण असलेल्या म्हापसा शहरात दर शुक्रवारी जो बाजार भरतो, त्याची ख्याती उलाढालीइतकीच तेथील मालाच्या ओळखीमुळे आहे. मयड्याची केळी, पर्र्याची कलिंगडे, हरमलची मिरची, आगशीची वांगी, जुवे बेटावरची सात शिरांची भेंडी असा प्रत्येक जिन्नस तेथे गावाच्या नावाने ओळखला जातो आणि गिऱ्हाईक भाव विचारण्याआधी गाव विचारते. मयडे गावात मात्र मयड्याचे केळे असे कोणी म्हणत नाही. तेथे ते नुसते केळे असते. एखाद्या गावचे पीक गावाबाहेर येऊन दुसऱ्या गावच्या पिकाशेजारी मांडले जाते, तेव्हाच त्याला गावाची ओळख चिकटते, आणि हे मांडण्याचे काम म्हापशासारख्या बाजारगावांनी शतकानुशतके केले आहे. ‘गावठी’ म्हणून ज्याची आज वाखाणणी होते, त्या मालाचा इतिहास म्हणूनच जितका परसातला आहे तितकाच बाजारातलाही आहे.

या मालाची विविधता मुळात जमिनीच्या विविधतेतून आली. बार्देशच्या पश्चिमेला कळंगुट, हणजूण ही समुद्रकाठची वालुकामय गावे, मध्ये नद्यांच्या खाड्यांलगत बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली, ‘खाजन’ या नावाने ओळखली जाणारी सखल शेते, आणि त्यांच्या वर जांभ्या दगडाचे उघडे सडे, अशी तीन प्रकारची भूमी काही मैलांच्या अंतरात आढळते. ही शेते गावाच्या सामाईक मालकीची असून त्यांची व्यवस्था गावकरी ही संस्था पाहत असे. पोर्तुगीजांनी तिच्या रूढी 1526 मध्ये अफोंसो मेशिया याने तयार केलेल्या सनदेत नोंदवल्या आणि पुढे तिलाच कोमुनिदाद हे नाव मिळाले. पावसाळी भात कापल्यावर त्याच शेतांत ओलाव्यावर आणि विहिरीच्या पाण्यावर मिरची, वांगी, रताळी, कांदे, कलिंगडे घेण्याची रीत होती, तर घरामागच्या परसात, म्हणजे कोकणी बोलीतल्या पोरसात, केळी, पपया, शेवगा आणि एखाददुसरा आंबा-फणस असे. घरखर्चाला पुरून उरेल तेवढेच बाजारात जाई आणि ते नेण्याचे व विकण्याचे काम प्रामुख्याने बायकांकडे असे. बाजारात टोपली घेऊन बसलेली बाई ही बहुधा स्वतःच त्या भाजीची लागवड करणारी असल्याने मालाविषयीच्या प्रश्नाचे उत्तर तिच्याकडे असे. व्यापाऱ्याच्या गाळ्यावर ते क्वचितच मिळते.

मात्र या गावठी मालातला बराचसा भाग मुळात परदेशी आहे, ही गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही. बार्देश 1543 मध्ये पोर्तुगीजांच्या ताब्यात आला, त्याच शतकात अमेरिका खंडातील मिरची, अननस, पेरू, पपई, काजू ही झाडे-झुडपे पश्चिम किनाऱ्यावर येऊन रुजू लागली. 1534 मध्ये गोव्यात आलेला वैद्य गार्सिया द ओर्ता याने भारतीय औषधी वनस्पतींवर संवादरूपात लिहिलेला ग्रंथ 1563 मध्ये गोव्यातच छापला गेला. त्यात आंबा, फणस आणि नारळ यांची सविस्तर चर्चा आहे, पण काजूला स्वतंत्र स्थान नाही. काजूचे झाड कोचीनच्या बागांत पाहिल्याची नोंद क्रिस्तोव्हाव द कॉस्ता याच्या 1578 च्या ग्रंथात येते. आज ज्या काजूवाचून गोव्याच्या डोंगरांची कल्पनाही करवत नाही, तो तेव्हा बागेतला नवा पाहुणा होता. सड्यांवरच्या नापीक जमिनीत, पाणी न घालता वाढणारे हे झाड पुढे बाग सोडून डोंगरावर गेले.

काजूच्या बोंडाने तर बाजाराचे नियमच उलटवले, कारण बी वर्षभर टिकते आणि समुद्रापार जाते, पण रसाळ बोंड झाडावरून पडल्यापासून दिवसाभरातच आंबू लागते व लांब नेता येत नाही. त्यामुळे त्याचा उपभोग जागेवरच घ्यावा लागतो, आणि या अडचणीतूनच एक उद्योग उभा राहिला. फेब्रुवारी ते मे या हंगामात बोंडे गोळा करून, बिया पिळून वेगळ्या काढून, ‘कोळंबी’ नावाच्या दगडी कुंडात ती पायांनी तुडवतात. उरलेला चोथा वजनाखाली दाबला असता जो स्वच्छ, गोड रस निथळतो त्याला ‘नीरो’ म्हणतात आणि तो ताजाच पितात. तुडवून काढलेला रस काही दिवस आंबवून भट्टीवर चढवला की पहिल्या वाफेतून ‘हुर्राक’ आणि पुन्हा गाळल्यावर ‘फेणी’ मिळते. हुर्राक हंगामापुरताच, तोही लिंबू आणि मिठासह, पिण्याचा प्रघात असून फेणीसारखा तो साठवला जात नाही. शहरी वाचकाला फेणी ठाऊक असते. नीरो मात्र त्या दोन-तीन महिन्यांत त्या डोंगराच्या पायथ्याशी असणाऱ्यालाच लाभतो.

आंब्याची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे, कारण झाड इथलेच, परंतु त्याच्या जाती टिकवण्याची पद्धत पोर्तुगीज काळात बदलली. कोयीपासून उगवलेल्या आंब्याला रायवळ म्हणतात. आईबापांचे गुण त्यात उतरतीलच असे नाही, म्हणून प्रत्येक रायवळ झाड ही स्वतंत्र जात असते. एखाद्या उत्तम झाडाची हुबेहूब पुनरावृत्ती हवी असेल तर कलमच करावे लागते. कलमाची कल्पना भारताला नवी नव्हती, कारण वराहमिहिराच्या बृहत्संहितेतील वृक्षायुर्वेदाच्या अध्यायात फणस, डाळिंब आदी झाडांचे शेण लावून कलम करण्याची कृती दिली आहे. परंतु आंब्याच्या नामांकित जाती कलमाने जपण्याचे व वाढवण्याचे श्रेय गोव्यातील पाद्र्यांना, विशेषतः जेझुइट पंथीयांना दिले जाते. त्यांची रीत होती भेटकलमाची. कोयीपासून वाढवलेले वर्षादीडवर्षाचे रोप कुंडीसह निवडलेल्या झाडाजवळ नेत, आणि फांदी उंचावर असेल तर बांबूचा माच बांधून कुंड्या त्यावर ठेवत. रोपाच्या खोडाची आणि तेवढ्याच जाडीच्या फांदीची साल थोड्या लाकडासह सारख्या लांबीत तासून, दोन्ही उघडे भाग तंतोतंत भिडवून केळीच्या सोपटाने आवळून बांधत. रोपाला रोज पाणी मिळाले आणि वाऱ्याने सांधा हलला नाही तर दोन-तीन महिन्यांत तो जुळे. मग सांध्याच्या वरचा रोपाचा शेंडा आणि सांध्याखालची झाडाची फांदी टप्प्याटप्प्याने कापून कलम सुटे केले जाई. हे काम नुसते कौशल्याचे नव्हे तर सवडीचे होते. ज्याच्याकडे उत्तम झाड, राखणदार आणि पाण्याची सोय, त्याच्याच वाडीत कलमे होत. आफोंस, फेर्नांदीन, इलारियो, कुलास अशी माणसांची वा घराण्यांची नावे गोव्यातील आंब्यांना का पडली याचे एक स्पष्टीकरण येथे मिळते.

सतराव्या शतकाच्या अखेरीस व अठराव्याच्या आरंभी लिहिणाऱ्या मनुची या इटालियन प्रवाशाने, ज्याचा ग्रंथ मराठीत ‘असे होते मोगल’ या नावाने आला आहे, गोव्यातील आंबा सर्वोत्तम ठरवून निकोलाव आफोंसपासून सुरू होणारी जातींची मोठी यादी दिली आहे; म्हणजे तोवर आंबा नुसता आंबा राहिला नव्हता, त्याला नाव-गाव विचारले जाऊ लागले होते.  आफोंसचा हापूस होऊन तो रत्नागिरी-देवगडकडे गेला आणि पेटीत बसून जगभर फिरला. गोव्यातील माणसाने मात्र पहिली पसंती मानकुरादला दिली. या आंब्याची साल बेताची, रेषा जवळजवळ नाहीत आणि गोडी दाट. पण पिकल्यावर तो फार दिवस थांबत नाही. टिकाऊपणा ही निर्यातीची कसोटी आहे, चवीची नव्हे, हे हापूस-मानकुरादच्या वादात पुष्कळदा विसरले जाते. हंगामाच्या आरंभी म्हापशाच्या बाजारात मानकुरादचा भाव डझनाला हजारो रुपयांवर जातो, तरी तो विकला जातो, आणि विकत घेणारे बहुतेक स्थानिकच असतात.

ताजे खाण्याच्या या हंगामाची दुसरी बाजू साठवणीची आहे. मे महिन्याअखेर पाऊस लागला की मासेमारी थांबे, ओढे-नाले भरून वाटा बंद होत आणि बाजारही ओसरे. म्हणून चार महिन्यांची बेगमी आधीच करावी लागे. या बेगमीला गोव्यात ‘पुरुमेंत’ म्हणतात, आणि ती विकण्यासाठी भरणाऱ्या जत्रांना पुरुमेंताचे फेस्त. मडगावच्या होली स्पिरिट चर्चचे फेस्त त्यासाठी विशेष प्रसिद्ध असून म्हापशालाही ईस्टरनंतर भरणाऱ्या मिलाग्रीस सायबिणीच्या फेस्तात हाच माल असतो. उकडे तांदूळ, वेण्या घातलेले कांदे, सुकी मिरची, चिंच, आमसुले, मीठ, सुके बांगडे आणि सुंगटे यांबरोबर फळेही तेथे दुसऱ्या रूपात येतात. कैऱ्या मिठात दाबून केलेल्या ‘चेपणी’, आंब्याच्या रसाची वाळवलेली साटे, फणसाचे पापड, साखरेत आटवलेला आंब्याचा ‘मांगाड’ आणि मयड्याच्या जाड केळ्यांची ‘फिगाद’ ही वडी, हे सारे म्हणजे एप्रिल-मेमध्ये एकदम आलेल्या पिकाची जुलै-ऑगस्टसाठी केलेली सोय होय. 

पोर्तुगीज राजवटीच्या अखेरच्या पर्वात, 1960 च्या सुमारास, म्हापशाला सध्याचे आखीव मार्केट बांधले गेले. तो काळच मोठा चमत्कारिक होता. 1950 च्या दशकाच्या मध्यापासून भारताने गोव्याची आर्थिक नाकेबंदी केल्याने घाटावरून येणारी भाजी बंद झाली होती आणि बटाट्यासारखा रोजचा जिन्नस जहाजाने परदेशांतून आणावा लागत होता. 19 डिसेंबर 1961 रोजी गोवा मुक्त झाल्यावर घाटाच्या वाटा पुन्हा खुल्या झाल्या, आणि बेळगावची भाजी इतक्या प्रमाणात व इतक्या नियमितपणे येऊ लागली की आज गोव्याची रोजची गरज मुख्यतः तीच भागवते. परसातल्या मालाला त्यामुळे वेगळी किंमत आली. पूर्वी जे सर्वसाधारण होते ते आता ‘गावठी’ म्हणून निवडून घेतले जाऊ लागले, आणि सिंधुदुर्गातील दोडामार्ग, बांदा भागांतून येणाऱ्या विक्रेत्यांनाही या आवडीचा लाभ मिळाला.

बाजार नावलौकिक देतो तसा तो पीक बुडवूही शकतो, याचे बोलके उदाहरण पर्रा गावच्या कलिंगडांचे आहे, आणि ते गोव्याचे दिवंगत मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर यांनी आपल्या गावची हकीकत म्हणून भाषणात सांगितल्यामुळे पुष्कळांना ठाऊक झाले. हंगामाच्या शेवटी गावचा शेतकरी मुलांना बोलावून सर्वांत मोठी कलिंगडे हवी तितकी फुकट खाऊ घाली, अट एवढीच की बिया चावायच्या नाहीत, त्या परत द्यायच्या. त्या निवडक बियांतून पुढच्या वर्षीची लागवड होई. पुढच्या पिढीने मोठी फळे चांगला भाव येतो म्हणून बाजारात धाडली आणि मुलांना लहान फळे दिली, तेव्हा बियाणे हळूहळू खालावले आणि काही वर्षांत ते नामांकित पीक संपले. निवडीचा हा लोकव्यवहार कोणत्याही वहीत नोंदलेला नव्हता, म्हणून तो मोडल्याचेही कोणाच्या लगेच लक्षात आले नाही.

अलीकडे या नोंदीचे काम कायद्याने होऊ लागले आहे. विशिष्ट प्रदेशाशी जोडलेल्या मालाच्या नावाला संरक्षण देणारे भौगोलिक मानांकन गोव्यात काजूच्या फेणीला 2009 मध्ये मिळाले आणि पुढे हरमलची मिरची, मिंडोळी केळी आणि 2023 मध्ये मानकुराद आंबा यांना ते लाभले. मानांकनामुळे परगावचा माल गोव्याच्या नावावर खपवणे कायद्याने रोखता येते. पण मानकुरादची नोंद सबंध गोव्याच्या नावाने झालेली आहे, आणि म्हापशाला शुक्रवारी आंबा हातात घेऊन हुंगणारे गिऱ्हाईक मात्र अजूनही तो कोणत्या गावचा, कोणाच्या भाटातला, म्हणजे बागायतीतला, हेच विचारत असते.