चंद्रशेखर, ओ.

चंद्रशेखर, ओ. : (१० जुलै १९३५–२४ ऑगस्ट २०२१). भारतीय फुटबॉलपटू. उजव्या बाजूचे बचावपटू (फुलबॅक) म्हणून प्रसिद्ध. १९६० च्या रोम ऑलिंपिक सामन्यांत उतरलेला, १९६२ च्या जाकार्ता येथील आशियाई क्रीडासामन्यांत सुवर्णपदक मिळविणारा आणि १९६४ च्या आशियाई चषक स्पर्धेत उपविजेता ठरलेला, अशा तिन्ही भारतीय संघांत त्यांचा समावेश होता. १९६३-६४ चा संतोष करंडक जिंकणाऱ्या महाराष्ट्र संघाचे ते कर्णधार होते. त्यांचा जन्म तत्कालीन कोचीन संस्थानातील (सध्या केरळ राज्य) इरिंजालकुडा येथे झाला; तथापि त्यांची खेळाडू म्हणून घडण प्रामुख्याने मुंबईत, कॅलटेक्स या तेलकंपनीच्या संघात झाली. वेतन तेलकंपनीचे आणि कीर्ती फुटबॉलची, अशा खेळाडूस हौशी म्हणावे की व्यावसायिक, हा भारतीय फुटबॉलच्या इतिहासातील एक मूलभूत प्रश्न असून चंद्रशेखर यांच्या चरित्रात तो स्पष्टपणे उभा राहतो.

मुंबईत फुटबॉलचा प्रसार ब्रिटिश पलटणींनी केला. १८९१ मध्ये सुरू झालेली रोव्हर्स चषक स्पर्धा पहिली सु. पंचेचाळीस वर्षे गोऱ्या पलटणींच्याच ताब्यात होती. १९३७ मध्ये बंगलोर मुस्लिम्स या संघाने ती जिंकून ही मक्तेदारी मोडली. स्वातंत्र्योत्तर काळात कूपरेज मैदानावरील पलटणींची जागा कचेऱ्यांच्या संघांनी घेतली. टाटा, कॅलटेक्स, बर्मा-शेल, रेल्वे, कापडगिरण्या, बँका यांनी आपापले संघ उभारले. कोलकात्यात क्लब ही एखाद्या समाजाची वा वस्तीची अस्मिता होती, कोल्हापुरात संघ पेठापेठांचे व तालमींचे होते. मुंबईत मात्र संघ म्हणजे कंपनी. त्यामुळे येथील फुटबॉलला प्रेक्षकांची निष्ठा कोलकात्याइतकी लाभली नाही. उलट खेळाडूंना पोटापाण्याची निश्चिती मात्र मुंबईत अधिक मिळाली, आणि दूरदूरच्या प्रांतांतील होतकरू तरुण या शहराकडे वळले. चंद्रशेखर यांच्यापूर्वी त्रावणकोरचे टी. एम. वर्गीज ऊर्फ पापन टाटांच्या संघात आले होते व १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमधील भारतीय संघात त्यांची निवड झाली होती. गोव्यातील कोलवाळचे फोर्तुनातो फ्रँको हेही टाटांकडे होते. मुंबईच्या त्या काळच्या फुटबॉलमध्ये मराठी नावे कमी दिसतात व मलयाळी, गोमंतकीय आणि हैदराबादी नावे अधिक. याचे कारण भरतीच्या या पद्धतीत आहे.

ही पद्धत साधी होती. कंपनी खेळाडूस कारकून किंवा तत्सम पदावर नेमी. त्याचे नाव हजेरीपटावर असे, दरमहा पगार मिळे व स्पर्धांच्या काळात रजा मंजूर होई. खेळण्याबद्दल वेगळा करार नसे. गुडघा वा घोटा निकामी झाला, तरी नोकरी सहसा शाबूत राही. बचावपटूच्या दृष्टीने ही गोष्ट अधिकच महत्त्वाची होती. कारण आघाडीच्या खेळाडूचे मोल गोलांच्या संख्येवर ठरविता येते, बचावपटूचे मोल मात्र न झालेल्या गोलांवर अवलंबून असते आणि त्यांची नोंद कोणत्याही वहीत होत नाही. वृत्तपत्रांतील सामन्यांची जुनी वर्णने चाळल्यास बचावपटूंची नावे बहुधा चूक झाली तरच सापडतात. पी. के. बॅनर्जी, चुनी गोस्वामी व तुळसीदास बलराम या आघाडीच्या त्रयीविषयी विपुल लेखन झाले. त्यांच्या पाठीशी खेळलेल्या चंद्रशेखर यांच्याविषयी त्या मानाने फारच थोडे.

चंद्रशेखर कॅलटेक्समध्ये आले, त्या सुमारास हा संघ भरास आला होता. १९५८ मध्ये त्याने रोव्हर्स चषक पटकाविला. त्याच वर्षी टोकिओ येथील आशियाई क्रीडासामन्यांत चंद्रशेखर यांनी भारतीय संघात पदार्पण केले. या स्पर्धेत भारतास चौथ्या क्रमांकावर समाधान मानावे लागले. मलायातील मर्डेका स्पर्धेतही ते पुढे भारताकडून खेळले.

राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम हे होते. मराठवाडा १९५६ पर्यंत ज्या राज्याचा भाग होता, त्या हैदराबाद राज्याच्या राजधानीतील सिटी पोलीस संघाने रहीम यांच्या मार्गदर्शनाखाली १९५० ते १९५४ असा सलग पाच वेळा रोव्हर्स चषक जिंकला होता. मुंबईकर प्रेक्षकांना रहीम यांची खेळपद्धती या विजयांमुळेच परिचित झाली. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये यूगोस्लाव्हियाने भारताचा १०–१ असा पराभव केला, तेव्हा अनेक भारतीय खेळाडू अनवाणी खेळत होते आणि मागील फळीत दोनच बचावपटू ठेवण्याची जुनी रीत चालू होती. त्यानंतर बूट सक्तीचे झाले. रहीम यांनी प्रथम तीन बचावपटूंची व पुढे चौघांची फळी उभी केली. या बदलाने फुलबॅकच्या कामाचे स्वरूपच पालटले. पूर्वी गोलाजवळ उभे राहून येणारा चेंडू जोराने दूर उडविणे एवढेच त्याच्याकडून अपेक्षित असे. आता प्रतिस्पर्ध्याच्या बाजूच्या आघाडीवीरास कडेकडे रेटणे, सहकारी पुढे गेल्यास मध्यभागी सरकून त्याची जागा भरणे आणि चेंडू हाती आल्यावर तो नीट जवळच्या साथीदाराकडे देणे ही कामे त्याच्याकडे आली. चंद्रशेखर हे या नव्या प्रकारच्या बचावपटूंपैकी होते.

आणखी एक अडचण होती. देशातील बहुतेक स्पर्धांत सामना सत्तर मिनिटांचा असे. आंतरराष्ट्रीय सामना नव्वद मिनिटांचा. शेवटची वीस मिनिटे भारतीय खेळाडूंना अनोळखी असत व त्यांचा ताण मागील फळीवर विशेष पडे, असे म्हटले जाते.

रोम ऑलिंपिकमध्ये भारताच्या गटात हंगेरी, फ्रान्स व पेरू असे तिन्ही प्रबळ संघ होते. २६ ऑगस्ट १९६० रोजी लाक्विला येथे हंगेरीने भारतावर २–१ असा निसटता विजय मिळविला. हंगेरीच्या संघात पुढे जगद्विख्यात झालेला फ्लोरियन अल्बर्ट होता. भारताचा गोल बलराम यांनी केला. ग्रोसेटो येथे फ्रान्सविरुद्ध पी. के. बॅनर्जी यांच्या गोलाने भारताने आघाडी घेतली. परंतु ८२ व्या मिनिटास फ्रान्सने बरोबरी साधली व सामना १–१ असा सुटला. पेरूविरुद्धचा शेवटचा सामना भारताने १–३ असा गमावला. फ्रान्सचा गोल सत्तर मिनिटांनंतर झाल्याने दमछाकीचे स्पष्टीकरण सहज सुचते. मात्र बलराम व बॅनर्जी यांचे वरील दोन्ही गोलही सत्तराव्या मिनिटानंतरचे आहेत, हे ध्यानात घेता ते स्पष्टीकरण जसेच्या तसे स्वीकारता येत नाही.

याच ऑलिंपिकमध्ये डेन्मार्कने रौप्यपदक मिळविले. भारतास एका गोलाने हरविणाऱ्या हंगेरीस डेन्मार्कने उपांत्य सामन्यात २–० असे नमविले आणि अंतिम सामन्यात यूगोस्लाव्हियाकडून ३–१ अशी हार पत्करली. त्या वेळी डेन्मार्कचे फुटबॉल भारताप्रमाणेच काटेकोर हौशी होते; तेथील खेळाडूही नोकरीधंदा सांभाळून खेळत. पुढील वर्षी त्या संघातील हॅराल्ड नील्सन हा आघाडीवीर इटलीतील बोलोन्या क्लबकडे व्यावसायिक म्हणून गेला. १९६४ मध्ये बोलोन्याने इटलीचे अजिंक्यपद मिळविले. परंतु व्यावसायिक खेळाडूस राष्ट्रीय संघात स्थान नाही, या डॅनिश संघटनेच्या नियमामुळे मायदेशाकडून खेळणे त्याला अशक्य झाले. हा नियम १९७१ मध्ये उठला व १९७८ मध्ये देशांतर्गत स्पर्धांतही मानधनी फुटबॉल आले. या बदलाचा लाभ मिळालेल्या बचावपटूंत मॉर्टेन ऑल्सेन अग्रगण्य होय. १९७२ मध्ये तो बेल्जियममधील सेर्क्ल ब्रुझ क्लबकडे गेला. पुढे ब्रुसेल्समध्ये मोलेनबेक व आंडरलेख्ट या क्लबांकडून खेळला, १९८३ चा यूएफा चषक जिंकला आणि पश्चिम जर्मनीतील कोलोन क्लबमध्ये १९८९ पर्यंत म्हणजे वयाच्या चाळिशीपर्यंत टिकला. या काळात तो राष्ट्रीय संघाकडून १०२ सामने खेळला. १९८४ च्या यूरोपीय स्पर्धेत डेन्मार्क उपांत्य फेरीपर्यंत पोहोचला, तेव्हा तोच कर्णधार होता. १९९२ मध्ये डेन्मार्क यूरोपचा अजिंक्यवीर झाला. रोममध्ये जवळजवळ समान पायरीवर असलेल्या दोन हौशी पद्धतींपैकी एकीने आपल्या खेळाडूस बाहेर जाऊन शिकण्याची व परत येऊन देशाकडून खेळण्याची वाट मोकळी केली. दुसरीने त्याला कचेरीतील सुरक्षित खुर्ची दिली. चंद्रशेखर यांच्या पिढीपुढे मुंबई किंवा कोलकाता याखेरीज तिसरा पर्याय जवळजवळ नव्हता.

जाकार्ता येथील १९६२ चे यश हे चंद्रशेखर यांच्या कारकीर्दीतील सर्वोच्च यश होय. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने भारतास २–० असे हरविले. नंतर भारताने थायलंडवर ४–१ व जपानवर २–० असे विजय मिळविले. थायलंडविरुद्धच्या सामन्यात मागील फळीचा आधारस्तंभ जर्नेलसिंग यांच्या डोक्याला जखम होऊन टाके घालावे लागले. रहीम यांनी त्यांना बचावातून काढून आघाडीवर खेळविले. या धाडसी निर्णयाचे कौतुक नेहमी होते व ते रास्तही आहे. परंतु संघातील सर्वांत भक्कम बचावपटू पुढे पाठविता आला, तो मागे राहिलेले बचावपटू विश्वासार्ह होते म्हणून. चंद्रशेखर, त्रिलोकसिंग व अरुण घोष यांना यातील श्रेय क्वचितच दिले जाते. उपांत्य सामन्यात दक्षिण व्हिएटनामचा ३–२ असा पराभव करून भारत अंतिम फेरीत पोहोचला.

अंतिम सामना ४ सप्टेंबर १९६२ रोजी, सु. एक लाख प्रेक्षकांसमोर, पुन्हा दक्षिण कोरियाशीच झाला. इझ्राएल व तैवान यांना इंडोनेशियाने प्रवेश नाकारल्याबद्दल भारतीय क्रीडासंघटक गुरुदत्त सोंधी यांनी आक्षेप घेतला होता व त्यामुळे जाकार्तात भारतविरोधी क्षोभ उसळला होता. आदल्या दिवशी भारतीय वकिलातीवर जमावाने हल्ला केला होता. अशा विरोधी वातावरणात बॅनर्जी व जर्नेलसिंग यांनी पहिल्या वीस मिनिटांतच प्रत्येकी एक गोल केला. त्यानंतरचा सामना हा मुख्यतः बचावाचा सामना होता. तासाभराहून अधिक काळ भारतीय मागील फळीने कोरियास गोल करू दिला नाही. अखेरची काही मिनिटे उरली असता कोरियाने एक गोल केला व भारताने सामना २–१ असा जिंकला. आशियाई क्रीडासामन्यांत भारताने फुटबॉलचे सुवर्णपदक यापूर्वी १९५१ मध्ये मिळविले होते. १९६२ नंतर ते पुन्हा मिळालेले नाही. कर्करोगाने ग्रासलेल्या रहीम यांचे पुढील वर्षी ११ जून रोजी निधन झाले.

महाराष्ट्राच्या दृष्टीने १९६३-६४ चा संतोष करंडक विशेष उल्लेखनीय आहे. १९५४-५५ मध्ये तो मुंबई या नावाने खेळणाऱ्या संघाने जिंकला होता; १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यानंतरचे राज्याचे हे पहिलेच अजिंक्यपद. मद्रास येथे झालेल्या अंतिम सामन्यात महाराष्ट्राने आंध्र प्रदेशावर १–० असा विजय मिळविला. बचावपटू कर्णधार असलेल्या संघाने अंतिम सामना एकाच गोलाने जिंकावा, हे त्याच्या खेळाशी सुसंगतच म्हणावे लागेल. यानंतर हा करंडक महाराष्ट्रात येण्यास १९९०-९१ उजाडावे लागले.

१९६४ मध्ये इझ्राएल येथे झालेल्या आशियाई चषक स्पर्धेत चार संघ होते. भारताने दक्षिण कोरिया व हाँगकाँग यांना हरविले, यजमान इझ्राएलकडून ०–२ अशी हार पत्करली व दुसरा क्रमांक मिळविला. या स्पर्धेतील भारताची आजवरची ही सर्वोच्च कामगिरी होय.

१९६६ च्या सुमारास चंद्रशेखर यांनी कॅलटेक्स व मुंबई सोडली. त्यानंतर ते स्टेट बँक ऑफ इंडियाच्या सेवेत गेले व तिच्या संघाकडून खेळले. पुढे मुंबईच्या कचेरी-संघांना उतरती कळा लागली. १९७६ मध्ये कॅलटेक्सचा भारतातील व्यवसाय केंद्र सरकारने ताब्यात घेतला आणि १९७८ मध्ये तो हिंदुस्तान पेट्रोलियममध्ये विलीन झाला. रोव्हर्स चषक स्पर्धा २०००-०१ नंतर बंद पडली. महिंद्र युनायटेड हा मुंबईतील अखेरचा बलाढ्य कंपनी-संघ २०१० मध्ये विसर्जित करण्यात आला. दरम्यान १९९६ मध्ये राष्ट्रीय फुटबॉल लीग सुरू झाली होती. १९९७ मध्ये केरळात एफसी कोचीन हा आरंभापासून व्यावसायिक म्हणून उभारलेला क्लब स्थापन झाला, परंतु तो काही वर्षांतच आर्थिक अडचणीत येऊन बंद पडला. कराराने बांधलेल्या खेळाडूस कचेरीतल्या खुर्चीचा आधार नसतो, हे तेथील खेळाडूंना वेतन थकल्यावर उमगले. २०१४ पासून इंडियन सुपर लीगमुळे बचावपटूंनाही पूर्वी कल्पनेत नसलेली मानधने मिळू लागली.

चंद्रशेखर यांचे कोची येथे २४ ऑगस्ट २०२१ रोजी निधन झाले. रोमच्या संघातील त्यांचे सहकारी व रहीम यांचे पुत्र सय्यद शाहीद हकीम यांचे दोनच दिवस आधी कलबुर्गी येथे, तर जाकार्तातील त्यांचे सहकारी फोर्तुनातो फ्रँको यांचे त्याच वर्षी मे महिन्यात गोव्यात निधन झाले होते.