लवासा: मुळशीत इटलीतलं गाव कुठून आलं?

तळ्याकाठी पिवळ्या, केशरी, गुलाबी घरांची रांग आणि खाली ओळ, 'हे इटली नाही, पुणे आहे!' असं रील तुम्हीही पाहिलं असेल. ही जागा म्हणजे मुळशी तालुक्यातल्या लवासामधलं दासवे.

दासव्याचा हा काठ इटलीतल्या पोर्तोफिनो या गावावरून बेतला आहे. जेनोवाजवळचं हे मूळचं कोळ्यांचं गाव. डोंगर आणि समुद्र यांच्यात जागा जेमतेम, म्हणून घरं उंच, अरुंद, एकमेकांना खेटून. समुद्रातून परतताना आपलं घर लांबूनच ओळखू यावं म्हणून ती रंगवत, असं सांगतात. त्या किनाऱ्यावर कित्येक भिंतींवर खिडक्याही नुसत्या रंगवलेल्या असतात! पोर्तोफिनोत गर्दी इतकी वाढली की २०२३ मध्ये सेल्फीसाठी रेंगाळून रस्ता अडवणाऱ्यांना २७५ युरोपर्यंत दंड ठेवला गेला.

दासव्यात समुद्र नाही. समोरचं पाणी मोसे नदीवरच्या वरसगाव धरणाचं, उन्हाळ्यात ते बरंच खाली जातं. हे मोसे खोरं बाजी पासलकरांचं. इथलं जुनं घर म्हणजे उतरतं कौलारू छप्पर, पुढे पडवी, शेणाने सारवलेल्या कुडाच्या भिंती. तेही इथल्या पावसाच्या हिशेबानेच बांधलेलं, पण त्याचं रील कोणी करत नाही.

राज्य सरकारने २००१ मध्ये इथल्या १८ गावांचा परिसर गिरिस्थान म्हणून जाहीर केला आणि हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनीच्या लवासा प्रकल्पाला वाट मिळाली. जमिनी फसवून घेतल्याचा आरोप मुगावसारख्या गावांतल्या आदिवासी शेतकऱ्यांनी केला. नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने काम थांबवलं, वर्षभराने पहिल्या टप्प्याला अटींसह परवानगी दिली. २०१८ मध्ये लवासा कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. घरासाठी पैसे भरलेले अनेक जण त्यात अडकले. रंगीत घरांच्या मागे अर्धवट इमारतींचे सांगाडे दिसतात ते यामुळे.

जायचं असेल तर चांदणी चौक, पिरंगुट, मुठा, टेमघर या रस्त्याने पुण्याहून साधारण ५५ ते ६० किलोमीटर पडतं. पेट्रोल पिरंगुटलाच भरून घ्या. जोरदार पावसाचा इशारा असेल त्या दिवशी मात्र जाऊ नका. जुलै २०२४ मध्ये इथे बंगल्यांवर दरड कोसळली होती.