किराणाच्या ट्रॉलीत ऑफिसचा कोट

फौजेत गणवेश आयता मिळतो. रोज सकाळी काय घालायचं, हा प्रश्न मला कधी पडला नाही. नवी नोकरी लागलेल्या मुलीला तो रोज पडतो, आणि पहिला पगार तो केवढा!

ब्रिटनमध्ये जॉर्ज डेव्हिस यांनी हे नेमकं हेरलं. हेपवर्थ ही लीड्सची, पुरुषांचे सूट विकणारी जुनी कंपनी. 1981 मध्ये तिनं केंडल्स ही रेनकोटची दुकानं घेतली आणि 1982 मध्ये त्यांतून डेव्हिस यांच्या हातून 'नेक्स्ट' उभं राहिलं. जाकीट, स्कर्ट, ब्लाउज, सगळं एकमेकांवर जुळणारं; मोजक्या कपड्यांत आठवडा निघावा. (आमच्या क्वार्टरमास्टरनं या हिशोबाला सलाम ठोकला असता.)

1988 मध्ये 'नेक्स्ट'नंच त्यांना बाहेर काढलं. पण गडी पुन्हा उभा राहिला. 1990 मध्ये अ‍ॅस्डा सुपरमार्केटात, दूध-बटाट्यांच्या शेजारी, 'जॉर्ज' नावाचे कपडे लागले. हसू नका. किराणासाठी बाई तिथं येणारच. तिला खेचायला बाजारपेठेत वेगळं महागडं दुकान नको. तो वाचलेला खर्च किमतीतून कमी करता येतो, आणि कोट कुठून घेतला हे ऑफिसात कोण विचारतं?

1999 मध्ये वॉलमार्टनं अ‍ॅस्डा विकत घेतली. पुढे 'जॉर्ज' अमेरिकेतल्या दुकानांतही पोचलं.