मोकळा रस्ता आणि वेगाचा आकडा

लेकीला नुकतंच लर्नर्स परमिट मिळालं. पहिल्याच आठवड्यात तिने विचारलं, "बाबा, रस्ता मोकळा असेल तर जोरात चालवणं चूक का?" मंडळी, मी पडलो इंजिनिअर. उत्तर आकड्यात द्यायची सवय. पण ह्या वेळी मला मोंटॅना राज्याची गोष्ट आठवली.

१९७३च्या तेलटंचाईनंतर, जानेवारी १९७४मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी ताशी ५५ मैलांच्या देशव्यापी मर्यादेवर सही केली. त्याआधी मोंटॅनात दिवसा आकड्याची मर्यादाच नव्हती. पाट्या लागल्या, पण दिवसा ५५ ओलांडल्याचा दंड फक्त ५ डॉलर, तोही इंधन वाया घालवल्याबद्दल!

१९९५च्या अखेरीस ही मर्यादा रद्द झाली आणि मोंटॅना पुन्हा जुन्या वळणावर गेलं. दिवसा वेग 'वाजवी आणि सावध' असावा, बस्स. वाहतूक किती, ब्रेक कसे, गाडीचं वजन, रस्त्याची रुंदी, चढउतार, पुढचं किती दिसतं, हे सारं चालकाने लक्षात घ्यायचं. याहून शास्त्रशुद्ध काय हवं?

मार्च १९९६मध्ये एका चालकाला ८५च्या वेगाबद्दल पकडलं. दिवसाउजेड, कोरडा रस्ता, गाडी नवी. मग किती वेग चालला असता, हे मात्र पोलिसाला सांगता येईना. डिसेंबर १९९८मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो नियम मोघम ठरवून रद्द केला. गुन्हा कुठे सुरू होतो, हे नागरिकाला आधी कळायला हवं ना! १९९९मध्ये इंटरस्टेटवर ७५ची पाटी लागली, २०१५मध्ये ८०ची.

म्हणजे कायद्याला आकडा लागतोच. पण आकडा पाळला की झालं, असंही नाही. गणित साधं आहे. वेग ५५वरून ८५ झाला, तर ब्रेक लावल्यावर गाडी थांबायला सुमारे २.४ पट अंतर लागतं. बर्फावर तर ५५सुद्धा फार होतात. गेल्या जानेवारीत ६५च्या रस्त्यावर मी ५५नेच जात होतो. पुलावरच्या बर्फावर गाडी घसरली आणि कठड्याला घासत थांबली. लेक मागच्या सीटवर होती.

मी तिला म्हटलं, "पाटीवरचा आकडा चांगल्या दिवसासाठी असतो. त्याच्या खाली किती, हे रोज आपण ठरवायचं."

ती म्हणाली, "म्हणजे त्या दिवशी तू चुकलास?"

"हो," मी म्हटलं. "नियमात राहून चुकलो."